रक्तदानात नापास

आमच्या भागातल्या मंडळाचं रक्तदान शिबिर दरवर्षी गणपतीच्या थोडं आधी असतं. महापालिकेच्या शाळेचा हॉल, भिंतीवर पाढ्यांचे तक्ते, पावसाने ओलसर झालेल्या सतरंजीचा वास आणि त्यात मिसळलेलं डेटॉल. आत रक्तपेढीच्या खाटा, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही. मंडळाची मुलं एकसारखे टी-शर्ट घालून फॉर्म भरून घेत होती. शेवटचं खाणं कधी झालं, कावीळ झाली होती का, वर्षभरात टॅटू काढलाय का, कुठली औषधं चालू आहेत का. मग वजन. मग बोटाला टोचून हिमोग्लोबिन, कारण साडेबाराच्या खाली असेल तर घेत नाहीत. आणि शेवटी एका बाकाशी एक तरुण डॉक्टर, बहुतेक नुकताच एमबीबीएस झालेला, एकेकाच्या दंडाला पट्टा बांधत होता.

"१४६, ९४," तो म्हणाला. "काकू, जिना चढून आलात का? पाच मिनिटं बसा, परत बघू."

'काकू' गिळून मी बसले. परत बघितलं तर १४४, ९२. १४०-९०च्या वर असेल तर रक्त घ्यायचं नाही असा नियम आहे, तो त्याने फार नम्रपणे सांगितला. मग माझा फॉर्म उलटसुलट करून म्हणाला, "इथे हॉर्मोनच्या गोळ्या लिहिलंय तुम्ही. म्हणजे ओसी पिल्स का, गर्भनिरोधक गोळ्या?" शाळेचा हॉल तो, आवाज घुमला. शेजारी बिस्किटांचे पुडे लावणारी दोन मुलं एकदम पुड्यांमध्ये कमालीचा रस घ्यायला लागली. मी मान हलवली. "सुरू केल्या तेव्हा बीपी किती होतं तुमचं?"

मला सांगता येईना. विसरले होते अशातला भाग नाही. कुणी बघितलंच नव्हतं.

सरबत आणि बिस्किटं रक्त न देताही मिळाली, एवढी दिलदारी मंडळाने दाखवली. मी ती खात बाहेरच्या कट्ट्यावर बसले आणि चिडायचं कुणावर, ते ठरेना. ३५० मिलिलिटर रक्त माझ्याकडून घ्यायचं तर एवढी चौकशी. कारण ते रक्त दुसऱ्या कुणाच्या तरी अंगात जाणार. आणि महिन्याच्या एकवीस दिवस माझ्या स्वतःच्या अंगात जाणारी गोळी लिहून देताना मात्र कुणाला तो पट्टा हातात घ्यावासा वाटला नव्हता.

माझ्या गायनॅक मॅडम काही उडाणटप्पू बाई नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तसा समज होईल. माझ्या मुलीच्या वेळी कळा अडल्या तेव्हा रात्रभर त्या माझ्या उशाशी होत्या, मधूनच स्वतःच्या घरी फोन करून मुलाला डब्यात काय द्यायचं ते सांगत होत्या. अशा बाईबद्दल मनात एक कायमची ओल असते. तर गेल्या वर्षी माझी पाळी बिनसली. पंधरवड्याला यायची, आली की आठ-आठ दिवस मुक्काम. ऑफिसच्या खुर्चीवरून उठताना मागे वळून बघायची सवय लागली, कपाटातले सगळे फिक्या रंगाचे कुडते मागे गेले. मॅडमकडे गेले. त्यांनी सोनोग्राफी सांगितली, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन डी सांगितलं. कोथरूडमध्ये तपासण्यांची ददात कुणाला आहे! सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं, संध्याकाळी पीडीएफ मोबाइलवर. रिपोर्टांची एक जाडजूड फाइल झाली. ती चाळत मॅडम म्हणाल्या, "विशेष काही नाही. हॉर्मोनची गोळी देते, सहा महिने घे, सायकल सेट होईल. बाकी काही त्रास नाही ना?" मी म्हटलं, नाही. त्यांनी लिहिलं. बाहेर बाकांवर बायका खच्चून भरलेल्या होत्या, त्यातली एक पोटुशी होती आणि तिला भिंतीला टेकून उभं राहावं लागत होतं, म्हणून मीही पटकन उठले.

बीपीचं यंत्र टेबलावरच होतं. औषध कंपनीच्या कॅलेंडरच्या मागे, नळीची गुंडाळी करून ठेवलेलं. मला ते नीट आठवतं कारण त्याच यंत्राशी माझी जुनी ओळख आहे. मुलगी पोटात होती तेव्हा प्रत्येक खेपेला, अगदी प्रत्येक, आधी सिस्टर वजनकाट्यावर उभं करायची, मग पट्टा बांधायची, मग आकडा कार्डावर चढायचा आणि मगच आत जायला मिळायचं. एकदा घाईत राहिलं तर मॅडमनी मला तशीच परत बाहेर पाठवलं होतं. किती काळजी घेतात म्हणून आई भारावली होती. कट्ट्यावर बसून बिस्किट चावताना मला हे लख्ख दिसलं. बाळ होतं तोवर माझा दंड महत्त्वाचा होता. बाळ बाहेर आलं, आणि तो पट्टा पुन्हा बांधला गेला तो थेट रक्तपेढीच्या बाकावर, परक्या माणसाच्या रक्ताची काळजी म्हणून.

ही गोळी गर्भनिरोधक आहे हे मला मेडिकलमध्ये कळलं. म्हणजे तिथेही कुणी सांगितलं नाही. पोऱ्याने खोका वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळला, वर काळी पिशवी घातली, चिकटपट्टी लावली. क्रोसीन कुणी असं गुंडाळून देत नाही. त्या गुंडाळण्यावरून कळलं. घरी येऊन खोका उघडला, आत कितीतरी घड्या घातलेला, कांद्याच्या सालीइतका पातळ कागद. पूर्ण इंग्रजी, अक्षर मुंगीच्या पावलांचं. तेव्हा मी तो परत घडी घालायला गेले तर मूळच्या घड्यांत बसेना, म्हणून फाइलमध्ये ठेवून दिला. शिबिराहून परत आल्यावर तो बाहेर काढला, मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठा केला आणि वाचला. सगळं होतं त्यात. रक्तदाब, पायातल्या गाठी, डोकेदुखी, सिगारेट, सगळं.

तो कागद खोक्यात कुठून आला याचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत ही गोळी १९६० साली गर्भनिरोधक म्हणून मान्य झाली. तेव्हाच्या गोळीतलं इस्ट्रोजेन हे हॉर्मोन आजच्या मानाने कितीतरी पट जास्त होतं, आणि रक्तात गाठी होऊन काही बायका दगावल्यावर १९७० साली तिथल्या सेनेटमध्ये सुनावणी भरली. बोलायला सगळे पुरुष तज्ज्ञ. तेव्हा मागे बसलेल्या तरुण मुली भर सुनावणीत उभ्या राहून ओरडल्या की गोळी आम्ही घेतो, मग आमच्यापैकी एकीलाही का नाही बोलावलं. त्या गदारोळातून खोक्यात माहितीपत्रक घालणं त्याच वर्षी बंधनकारक झालं. एवढ्या भांडणातून आलेला कागद, आणि आपल्याकडे तो मराठी वाचणाऱ्या बाईपर्यंत पोचेस्तोवर मुका झालेला.

आता 'बाकी काही त्रास नाही ना' या प्रश्नाला मी 'नाही' म्हटलं ते खोटं नव्हतं. मला अर्धशिशी आहे, कॉलेजपासून. पण ती काय गायनॅकला सांगायची गोष्ट? अर्धशिशी म्हणजे माझ्या लेखी अंधारी खोली, आल्याचा तुकडा, ओढणीने करकचून बांधलेलं डोकं आणि 'हिला उन्हातून आलं की होतं' हे सासूबाईंचं निदान. डोकं उठायच्या आधी मला दिसतं काहीतरी. नजरेच्या मधोमध एक ठिपका विरघळतो, वाचत असले तर शब्दातलं एखादं अक्षरच गायब होतं, मग त्या ठिपक्याच्या कडेने एक दातेरी, लकाकणारी रेघ फुटते आणि हळूहळू पसरत डोळ्याच्या कोपऱ्याकडे सरकते. वीसेक मिनिटं. डोळे मिटले तरी दिसते. वैद्यकाच्या पुस्तकात त्या रेघेला तटबंदी म्हणतात हे मला अलीकडे कळलं आणि गंमत वाटली, कारण मी लहानपणापासून सिंहगडावर जाऊनही माझ्या डोक्यातला किल्ला तो हाच हे ओळखलं नव्हतं. त्या रेघेमुळे फरक पडतो. नुसतं डोकं दुखणं वेगळं आणि आधी अशी रेघ दिसून मग दुखणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात मेंदूतल्या रक्तपुरवठ्याला झटका बसण्याचा धोका मुळातच थोडा जास्त असतो, इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने तो आणखी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत गोळ्या कुणाला चालतील याच्या चार पायऱ्या आहेत, त्यात अशी रेघ दिसणारी बाई शेवटच्या पायरीवर आहे. तिला ही गोळी द्यायचीच नाही, वय काहीही असो. माझं त्या दिवशीचं बीपी तिसऱ्या पायरीवरचं होतं, म्हणजे सहसा देऊ नये. दोन्ही पायऱ्या मी हातात फाइल घेऊन चढले होते, आणि फाइलमध्ये व्हिटॅमिन डी किती आहे हे दशांश चिन्हासकट होतं.

घाबरवण्यासाठी लिहीत नाही. उलट मला अशा लेखांचा राग येतो, ज्यात गोळीला विष म्हणतात आणि शेवटी मेथीदाणे भिजवून प्यायला सांगतात. गोळी चांगली आहे. लाखो बायका निर्धास्त घेतात, तिच्याने अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमीसुद्धा होतो. आकडे बघायचे तर युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ साली पुन्हा सगळं तपासून सांगितलं होतं की गोळी न घेणाऱ्या, दिवस नसलेल्या १०,००० बायकांत वर्षाला साधारण २ जणींच्या शिरांत रक्ताची गाठ होते. लिव्होनॉरजेस्ट्रेल असलेली जुन्या धाटणीची गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७. ड्रोस्पिरेनोनवाली नवी गोळी, जी मला दिली होती, ती घेणाऱ्यांत ९ ते १२. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हा धोका याहून जास्त असतो. म्हणजे आकडा लहानच आहे. पण १०,००० बायका मला डोळ्यांपुढे आणता येतात, कारण पुण्यात राहते. ऋषीपंचमीच्या पहाटे दगडूशेठसमोर अथर्वशीर्ष म्हणायला बायका जमतात तेव्हा तो रस्ता नुसत्या साड्यांचा होतो. मी एकदा गेले आहे, जावेच्या आग्रहाने, अंधारात, गजऱ्यांच्या आणि मेणाच्या वासात. त्या गर्दीत नऊ ते बारा जणी. त्या कोण हे कुणाला सांगता येणार नाही. पण कोण असण्याची शक्यता जास्त, हे बरंचसं विचारून कळतं. पायात कधी गाठ झाली होती का, आईला किंवा बहिणीला झाली होती का, सिगारेट ओढता का, डोकं दुखण्याआधी काही दिसतं का, नुकतं बाळंतपण झालंय का. विचारायला पैसे पडत नाहीत.

त्या पहाटेचं आणखी एक आठवतं. आमच्या पुढच्या रांगेतली एक बाई दुसरीला सांगत होती, "माझी तारीख कालचीच होती, पण गोळ्या घेतल्या ना." ऋषीपंचमी हे व्रत मुळात पाळीतल्या 'दोषां'च्या क्षालनाचं. त्यालाच पाळी नको म्हणून गोळी. हसू आलं, आणि लगेच गेलं, कारण मला आमच्या काकूची आठवण झाली.

मी अकरावीत असताना आमच्या घरच्या गौरी माझ्या तारखेवर येत होत्या. काकूने आईला न विचारता, म्हणजे विचारण्यासारखं काही आहे असं न वाटून, मला एक चपटी पट्टी दिली. "दिवसातून तीनदा, जेवल्यावर. विसर्जन झालं की बंद कर." आमच्या घरातल्या सगळ्या मुलींना ती पट्टी माहीत होती. कुणाची मुंज, कुणाचा सत्यनारायण, कुणाचं साखरपुड्याचं जेवण. मेडिकलमध्ये 'पाळी पुढे ढकलायच्या द्या' एवढं म्हटलं की मिळायच्या, आजही मिळतात. मी घेतल्या. छाती दगडासारखी दुखायला लागली, पुरणाच्या वासाने मळमळायला लागलं, आणि सोळा भाज्या निवडत मी हसतमुख बसले, कारण मी 'चालत' होते, गौरींपुढे रांगोळी काढायला, नैवेद्य हातात घ्यायला. विसर्जनानंतर दोन दिवसांनी जे आलं त्यात मी शाळेची, सॉरी, कॉलेजची चाचणी परीक्षा बुडवली. त्या गोळीतलं औषध नॉरएथिस्टेरॉन, आणि त्या मात्रेला त्याचा काही अंश शरीरात जाऊन इस्ट्रोजेनच होतो, हे मला माझ्या विशी-पस्तिशीत कुठल्याही डॉक्टरने सांगितलं नाही. तेव्हाही मला तटबंदी दिसायला नुकती लागली होती. काकू काही दुष्ट नव्हती. तिने स्वतः आयुष्यभर त्याच गोळ्या घेतल्या, माझ्यावर प्रेम होतं म्हणून दिल्या, मी त्या दिवशी बाजूला बसू नये म्हणून दिल्या. मला ते बाजूला न बसणं हवंही होतं. हेच तर अवघड आहे.

या सगळ्यात आईचं वेगळं. आईने कधी गोळी घेतली नाही. माझ्या पाठीवर भाऊ झाला आणि तिचं 'ऑपरेशन' झालं, तिच्या पिढीतल्या कितीतरी मराठी बायकांचं झालं तसं. लहानपणी एसटीतून सातारला जाताना मी आणि भाऊ भिंतीवरच्या जाहिराती मोठ्याने वाचायचो. लाल त्रिकोण आला की "हम दो हमारे दो", मग कुठलं तरी खत, मग निरोध, मग माला-डी. माला-डी म्हणजे मला वाटायचं कुणी तरी मुलगी आहे, मालाडी, कोळ्यांच्या वाड्यातली. एकदा तसं विचारलं तर आईने खिडकीचं काचेचं तावदान खाली ओढलं आणि भेळ काढून हातात दिली. प्रश्न संपला. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की त्या २८ गोळ्यांच्या पट्टीतल्या शेवटच्या सात नुसत्या लोहाच्या असतात, रोजची सवय मोडू नये आणि जमलं तर रक्तही वाढावं म्हणून. कुणीतरी विचार करून केलेली गोष्ट होती ती. तरी देशात ती घेणाऱ्या कमीच राहिल्या. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे ३८ टक्क्यांचं ऑपरेशन झालेलं होतं, गोळी घेणाऱ्या ५ टक्क्यांच्या आसपास. आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. या शेवटच्या आकड्याकडे मी परत येणार आहे.

मॅडमच्या दवाखान्याकडे जाताना कर्वे पुतळ्यावरून जावं लागतं. पुतळा महर्षींचा. त्यांच्या नावाचा रस्ता, त्यांच्या नावाचं नगर, सगळी रहदारी त्यांच्या नावाने चालते. त्यांच्या मुलाचं, रघुनाथरावांचं नाव सांगून मात्र रिक्षावाला कुठे नेणार नाही. गणिताचे प्राध्यापक असलेल्या या माणसाने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी नोकरी गमावली, मग १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले. १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. मला त्यांचं सगळंच पटतं असं नाही. पण शरीराबद्दल साध्या मराठीत, तोंड न फिरवता बोलता येतं, एवढं त्यांनी शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं, आणि त्यांच्या वडिलांच्या पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावर आजही मला 'हॉर्मोनची गोळी' मिळते आणि काळी पिशवी.

पण थांबा, दुसरी बाजू माझ्या ऑफिसमध्येच बसते. पंचविशीतली मुलगी आहे, मूळची लातूरची, हिंजवडीजवळ मैत्रिणींबरोबर राहते. तिला मी हे सगळं तावातावाने सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "ताई, तुम्हाला काहीच विचारलं नाही? नशीबवान आहात." ती गोळी मागायला गेली तेव्हा पहिला प्रश्न होता, लग्न झालंय का. दुसरा, घरी माहीत आहे का. तिसरा प्रश्न नव्हताच, तिसरं प्रवचन होतं. आता ती परस्पर मेडिकलमधून घेते, मैत्रिणीच्या चिठ्ठीचा फोटो दाखवून. तिचंही बीपी कुणी बघितलेलं नाही. म्हणजे जिला प्रश्न विचारले तिला भलते विचारले, आणि मला, माझ्या गळ्यात मंगळसूत्र असल्यामुळे, एकही नाही. मॅडमनी मला हटकलं नाही, कशाला हवी असं विचारलं नाही, याचं मला तेव्हा बरंच वाटलं होतं. ते बरं वाटणं खोटं होतं असं आजही म्हणवत नाही. म्हणून कुणी 'आता गोळीला दहा तपासण्या सक्तीच्या करा' म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. त्या दहा तपासण्यांच्या रांगेत ही लातूरची मुलगी कधी उभी राहणार नाही. आणि गंमत म्हणजे त्यांची गरजही नाही. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की गोळी सुरू करायला आतून तपासणी नको, रक्ताच्या चाचण्या नकोत; रक्तदाब बघा आणि नीट विचारा. जिथे रक्तदाब मोजायची सोयच नाही तिथे केवळ तेवढ्यासाठी गोळी अडवून धरू नका, असंही. कोथरूडमध्ये सोयीचा प्रश्न नव्हता. यंत्र कॅलेंडरच्या मागे होतं.

गोळी मी शिबिराच्या दुसऱ्या दिवशी बंद केली. मॅडमना सांगायचं की नाही यावर बराच काथ्याकूट झाला. मैत्रीण म्हणाली सरळ डॉक्टर बदल. शेवटी व्हॉट्सअॅपवर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, आकड्यांसकट पाठवलं. रात्री उशिरा उत्तर आलं, "बंद केलीस ते बरं केलंस. आठवडाभर घरी बीपी बघ आणि ये." बाकी काही नाही. मी रागातच गेले. या वेळी त्यांनी पट्टा स्वतः बांधला. १३२, ८६. मग अर्धशिशीचं विचारलं, रेघ कशी दिसते ते मला कागदावर काढून दाखवायला लावलं, आणि म्हणाल्या, "हे आधी नाही का सांगायचं गं?"

"तुम्ही विचारलं नव्हतं," मी म्हटलं. आवाज वाटला होता त्याहून मोठा निघाला.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एवढ्या पेशंटमध्ये राहून जातं." माफी नव्हती ती, पण बचावही नव्हता. बाहेर खरोखरच तेवढ्या बायका होत्या. मला यावर काही उलट बोलायचं सुचलं नाही, आणि समाधानही झालं नाही. त्यांनी केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने काहीतरी लिहिलं आणि मग आम्ही कामाचं बोललो. रक्तस्राव कमी करायला हॉर्मोनवाली तांबी बसवता येईल, तिच्यात इस्ट्रोजेन नसतं, माझ्या डोक्याला आणि बीपीला ती चालते. विचार करून सांग म्हणाल्या. पाळीचा त्रास थोडा कमी झालाय, त्यामुळे घाई नाही. सध्या आमचं निरोधवर निभावतंय. डॉक्टर बदललेली नाही, बदलणारही नाही बहुतेक. फक्त आत गेल्या गेल्या दंडावरची बाही आपण होऊन वर करते.

राहता राहिला तो ०.३ टक्क्यांचा आकडा. तांबीचं बोलणं घरी सांगितलं त्याच रात्री, जेवताना, मी सहज सुचल्यासारखं दाखवून म्हटलं की मूल तर आपल्याला आता नकोच आहे, मग नुसत्या त्या कामासाठी तू नसबंदी का करून घेत नाहीस? दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं, टाकाही लागत नाही बऱ्याचदा. नवरा माझा सुधारक आहे, भाकरी मोडता मोडता थांबला तरी "करू की" म्हणाला. मग ताटातल्या आमटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण त्याच्याआधी काय काय तपासण्या करतात, ते नीट विचारून घे हां."